मदत हवी आहे: रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) इतक्या लवकर उचलावा का?

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा जायंट्स संघाचा कट्टर चाहता, त्याच्या नादाने मलाही एनएफएलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगची, गोडी लागली. पण ड्राफ्टवरून (त्यात संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात) आमचं काही केल्या एकमत होत नाही.

जायंट्सनी २०१८ मध्ये सेक्वॉन बार्कली या रनिंग बॅकला दुसऱ्याच क्रमांकावर घेतलं. २०२० मध्ये त्याचा गुडघा दुखावला, जवळपास अख्खा हंगाम गेला. पुढे २०२४ मध्ये तो ईगल्स संघाकडे गेला, त्याच हंगामात २,००५ यार्ड धावला आणि सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामनाही जिंकला. त्या रात्री पोरगं नीट जेवलंसुद्धा नाही.

म्हणजे पारख चुकली नव्हती. मला वाटतं, समोरच्यांना ढकलून वाट मोकळी करणारी फळी आधी बांधायला हवी, धावणारा नंतर. डेरिक हेन्रीसारखा रनिंग बॅक दुसऱ्या फेरीत मिळाला, अल्विन कमारा तर तिसऱ्या! मुलगा म्हणतो, मग रेडर्स संघानं २०२५ मध्ये अ‍ॅश्टन जेंटी या रनिंग बॅकला सहाव्या क्रमांकावर का घेतलं?

पहिला करार चार वर्षांचा, आणि या जागेवर शरीर लवकर झिजतं. मग फळी कच्ची असताना पहिल्या दहात रनिंग बॅक घेणं कधी योग्य ठरतं? जाणकारांनी उदाहरणासकट समजावून सांगा, प्लीज.