वर्गणी बंद करण्याआधी कराराची प्रत मागा

कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यात खर्चकपातीत रात्रपाळी भत्ता निम्म्यावर आला, युनियनने गपचूप सही केली, म्हणून सगळ्यांनी युनियनची वर्गणी बंद करा, असं काही जण सुचवताहेत. राग रास्त आहे, पण घाई नको. भत्ता बदलायचा तर मालकाला 21 दिवस आधी नोटीस द्यावी लागते. बदल युनियनशी झालेल्या करारातून आला, तर मात्र ती लागत नाही. मॅनेजमेंटला सही हवी असते ती यासाठी! तेव्हा आधी कराराची प्रत मिळवा. 'इतर सवलती गरजेनुसार' असं मोघम कलम त्यात असेल, तर पुढची कात्री तिथूनच लागणार.

वर्गणी थकली की सभासदत्व धोक्यात, आणि हिशेबाच्या वह्या बघायचा हक्कही. महाराष्ट्राच्या 1971 च्या कामगार संघटना कायद्याखाली मान्यताप्राप्त (म्हणजे कामगारांच्या वतीने मालकाशी बोलणी करायचा हक्क मिळालेल्या) युनियनच्या कार्यकारिणीची बैठक निदान तीन महिन्यांतून एकदा व्हावी लागते, ठराव इतिवृत्तात नोंदवावे लागतात. सहीचा ठराव लेखी मागा, अर्जाची पोच घ्या. तोंडी विचारलं की 'बघू' एवढंच उत्तर येतं.

दुसरी युनियन काढायचीच तर याच कायद्याखाली मान्यतेसाठी आधीच्या सहा महिन्यांत किमान 30 टक्के सभासद, तेही जुनीपेक्षा जास्त, दाखवावे लागतील. सभासदांचा पुरावा म्हणून वर्गणीचं पावतीपुस्तक पहिल्या महिन्यापासून चोख ठेवा.