‘गोतावळा’ ग्रुपवर बेसबॉल

आमच्या फॅमिली ग्रुपवर एरवी वाढदिवस, गुडघेदुखी आणि सुप्रभात यांपलीकडे फार काही घडत नाही. त्या रविवारी घडलं. सगळ्यांना विचारून, नावं बदलून आणि फुलांचे फोटो गाळून इथे टाकतेय. मी मुक्ता. अभीदादा माझा चुलतभाऊ, न्यू जर्सीत असतो. प्राचीवहिनी त्याची बायको, अर्णव मुलगा. नाना त्याचे वडील, ठाण्यात. सुमाआत्या नाशिकला. विनयकाका प्रत्येक घरात एक असतात, तसे आमच्याकडेही आहेत.

अभीदादा: दोन मॅच झाल्या आज. गुडघे कामातून गेले.

सुमाआत्या: अरे, या वयात खेळतोस कशाला?

अभीदादा: खेळत नाही गं आत्या, अंपायर असतो. पोरांचं बेसबॉल. लिटल लीग. दहा-बारा वर्षांची मुलं.

सुमाआत्या: पैसे देतात का?

अभीदादा: छे, हौसेचं काम. हॉट डॉग देतात.

प्राचीवहिनी: आणि शिव्या. त्या पोटभर.

नाना: शिव्या कोण देते? मुले?

अभीदादा: नाही हो बाबा, मुलं गोड असतात. आउट दिलं की दोन मिनिटं फुरंगटतात, पुढच्या इनिंगला विसरतात. पालक. आमच्याच राज्यात दक्षिणेला डेप्टफर्ड गाव आहे. तिथल्या लीगमध्ये २०२३ला एका आठवड्यात दोन अंपायर कंटाळून सोडून गेले. मग लीगने नियमच केला, जो अंपायरशी हुज्जत घालेल त्याने आधी तीन मॅच स्वतः अंपायरिंग करायचं. तोवर मैदानात पाऊल टाकायचं नाही.

विनयकाका: हा नियम आपल्या संसदेत लावा!! सगळे सुतासारखे सरळ होतील. विशेषतः काही जण.

नाना: विनय, सकाळचे साडेसहा वाजले आहेत.

अभीदादा: काका, आज मला नेमका हाच त्रास झाला. शिव्यांचा नाही, गप्पांचा. सांगतो. दोन इनिंगच्या मध्ये पिचर, म्हणजे आपला बोलर, हात मोकळा करतो, तेवढ्यात मी ब्रशने प्लेट, म्हणजे बॅटरजवळ जमिनीत बसवलेली पांढरी पट्टी, झाडून घेतो. आमच्यात पद्धत अशी की मैदानाकडे पाठ करून वाकायचं, म्हणजे प्रेक्षकांकडे बूड होत नाही. सभ्यपणा आहे, पण त्यामुळे तोंड येतं थेट जाळीपलीकडच्या पालकांसमोर. आणि तिथे एक बाबा जाळीला टेकून उभा असतोच. पहिल्या इनिंगला हवामान. दुसऱ्या इनिंगला ‘तू मूळचा कुठला?’ तिसऱ्या इनिंगला पेट्रोलचे भाव. चौथ्या इनिंगला ते कोणामुळे वाढले, आणि नोव्हेंबरात मत कोणाला. पाचव्या इनिंगला ‘तुम्ही लोक नक्की कुठला देव मानता?’ पोरांच्या मॅचला सहाच इनिंग असतात म्हणून वाचलो.

सुमाआत्या: मग काय सांगितलंस? गणपती सांगायचं.

अभीदादा: ‘प्ले बॉल’ सांगितलं.

विनयकाका: का पण? ठणकावून सांगायचं होतं. आपण आपला धर्म सांगायला लाजतो, हाच आपला प्रॉब्लेम. ते बघ, त्यांना कशाची लाज वाटत नाही.

मी: ‘ते’ म्हणजे कोण, काका?

विनयकाका: तुला चांगलं माहितीये.

(यानंतर काकांनी एक लांबलचक फॉरवर्ड टाकला. ‘प्रत्येकाने वाचावे’ अशी सुरुवात. मी त्याला उत्तर टाकलं, तेही काही कमी लांब नव्हतं. दोन्ही इथे देत नाही. तुमच्या ग्रुपवर येऊन गेलेलेच असतील.)

नाना: दोघांनीही आपापले मेसेज काढावेत. अॅडमिन मी आहे.

विनयकाका: हा मेसेज डिलीट केला आहे.

मी: हा मेसेज डिलीट केला आहे.

अभीदादा: लाजेचा प्रश्नच नाही काका. हे बघा. देवाचा प्रश्न विचारून झाला आणि त्याच इनिंगला त्याचा पोरगा तिसऱ्या बेसवर पोचला. पुढच्याने चेंडू मारला, पोरगा रन काढायला होमकडे, म्हणजे त्या प्लेटकडे सुटला. थ्रो आला, कॅचरने, म्हणजे आपल्या विकेटकीपरने, चेंडूसकट ग्लोव्ह पोराच्या पायाला लावला आणि पोराचा पाय प्लेटला टेकला, सगळं एका क्षणात. आधी ग्लोव्ह तर आउट, आधी पाय तर सेफ. तिथे सेफ की आउट, हे मला सांगायचंय. पाच मिनिटांपूर्वी मी त्या बाबाच्या हो ला हो केलं असतं, तर समोरच्या टीमला वाटलं असतं, यांची दोस्ती झालेली दिसते. वाद घातला असता, तर त्याला वाटलं असतं, याने खुन्नस काढली. निर्णय बरोबर असून उपयोग नाही, तो खेळाबाहेरच्या कशावरून दिलाय असा संशय आला की संपलं.

प्राचीवहिनी: दिलंस काय ते सांग ना.

अभीदादा: आउट.

प्राचीवहिनी: आणि बाबा?

अभीदादा: ‘कम ऑन, ब्लू!’ इतकंच. अंपायरला ब्लू म्हणतात, शर्टावरून. त्याला माझी जात, धर्म, पार्टी काही माहीत नव्हती, म्हणून रागवायला शर्टच उरला.

विनयकाका: यंत्र लावा. माणूस आला की पक्षपात आलाच.

अभीदादा: मोठ्यांच्या मेजर लीगमध्ये यंदापासून आलंय. स्ट्राइक-बॉलचा निर्णय, म्हणजे चेंडू बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीतून (स्ट्राइक झोनमधून) गेला की नाही, हा पटला नाही तर पिचर, कॅचर किंवा बॅटर चॅलेंज करतो आणि कॅमेरे सांगतात. सुरुवातीला प्रत्येक टीमला दोन चॅलेंज. आमच्या गल्लीत कुठलं यंत्र? लिटल लीगचा स्ट्राइक झोन म्हणजे बॅटरच्या काखेपासून गुडघ्याच्या वरच्या टोकापर्यंत. आता बारा वर्षांची दोन पोरं एका उंचीची कधी असतात? दर बॅटरला डोळ्यांनी नवीन चौकट आखायची.

मी: पण दादा, एक शंका. तुमच्या लिटल लीगची प्रतिज्ञाच देवापासून सुरू होते ना?

अभीदादा: हो. पहिलंच वाक्य, ‘माझा देवावर विश्वास आहे.’ मग देशावर प्रेम, कायद्याचा आदर, आणि हरलो-जिंकलो तरी मनापासून खेळेन. १९५४ सालची आहे. त्याच वर्षी अमेरिकी संसदेने राष्ट्रीय प्रतिज्ञेतही देवाचं नाव घातलं. तो काळच तसा होता, रशिया नास्तिक म्हणून आम्ही आस्तिक. पण म्हणायची सक्ती नाही. काही ठिकाणी म्हणतात, काही ठिकाणी नाही. मुलं म्हणतात तेव्हा मी मास्क काढून शांत उभा राहतो.

विनयकाका: बघा! अमेरिकेत पोरं मैदानात देवाचं नाव घेतात आणि कोणाच्या पोटात दुखत नाही. आपल्याकडे करून दाखवा.

मी: ‘सक्ती नाही’ हे वाचलंत का, काका?

विनयकाका: वाचलं. सोयीचं तेवढं तू वाचतेस, तसं मी पण वाचतो.

(हे मला लागलं, कारण खरं होतं. पण तेव्हा मी ते कबूल केलं नाही.)

मी: आणि मैदानात राजकारण नव्हतं कधी? १९५५ साली साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनची कॅनन स्ट्रीट वायएमसीए ही काळ्या मुलांची टीम लिटल लीगच्या स्पर्धेत उतरली. तर समोरच्या गोऱ्या टीमनी झाडून माघार घेतली. मग वरून निर्णय आला की तुम्ही मॅच खेळून पुढे आला नाहीत, तेव्हा पात्र नाही. त्या पोरांना विल्यम्सपोर्टला लिटल लीगच्या वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अंतिम स्पर्धेला, पाहुणे म्हणून बोलावलं आणि स्टँडमध्ये बसवलं. तिथले प्रेक्षक ओरडत होते, ‘खेळू द्या त्यांना!’ नाही खेळू दिलं.

सुमाआत्या: अरेरे. बारा वर्षांची लेकरं.

मी: मुलींचंही तेच. १९७२ला होबोकेनमध्ये मारिया पेपे नावाची मुलगी तीन मॅच खेळली. लिटल लीगने दम दिला, हिला काढा नाहीतर मान्यता रद्द करू. काढलं. केस झाली, न्यू जर्सीत निकाल मुलींच्या बाजूने लागला, १९७४ला देशभर मुलींना दार उघडलं. तोवर मारियाचं वय उलटून गेलेलं.

सुमाआत्या: होबोकेन म्हणजे आपली स्नेहल राहते तेच?

प्राचीवहिनी: तेच, आत्या. आणि मेजर लीगमध्ये पहिली बाई अंपायर गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये उभी राहिली, जेन पॉवोल. तीसुद्धा न्यू जर्सीचीच.

विनयकाका: म्हणजे मुक्ताने आणलं तर इतिहास आणि मी आणलं तर राजकारण. छान.

(यावर मी बराच वेळ काही टाइप करत होते. ‘टायपिंग’ दिसत राहिलं असणार सगळ्यांना. शेवटी दादाच बोलला.)

अभीदादा: काका, मुक्ता म्हणते ते राजकारणच आहे, पण ते मॅचच्या आधीचं. कोणाला खेळू द्यायचं, हे भांडून, कोर्टात जाऊन, नियमाच्या पुस्तकात लिहून घ्यायचं. त्यात मी पण भांडेन. माझं म्हणणं फक्त त्या तासा-दोन तासांपुरतं आहे. पुस्तक लिहून झालंय, मुलं बेसवर उभी आहेत, आता अंपायरला आपल्या बाजूला ओढू नका.

नाना: थोडे लिहितो. १९८६ची गोष्ट. वेस्ट इंडीजचा संघ पाकिस्तानात गेला होता. तिथले अंपायर घरच्या संघाला झुकते माप देतात असा तेव्हा सगळीकडे ओरडा होता. कप्तान इम्रान खान. या आरोपाचा त्यांना वीट आला होता, त्यांना तटस्थ अंपायर हवे होते. बोलावले कोठून? भारतातून. व्ही. के. रामस्वामी आणि आपल्या ठाण्याचे पिलू रिपोर्टर. लाहोरच्या कसोटीत दोघे उभे राहिले. दोन देशांचे संबंध कसे होते ते सांगायला नको. त्या दोघांना स्वतःची मते नसतील असे कोणी समजू नये. पण पाकिस्तानच्या खेळाडूला लाहोरात आउट द्यायचे तर ती मते हॉटेलच्या खोलीत ठेवूनच मैदानावर यावे लागले असणार. पुढे १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक तटस्थ अंपायर आला, २००२ पासून दोन्ही.

विनयकाका: पिलू रिपोर्टर म्हणजे चौकार देताना हात एकदम वेगळाच फिरवायचे, तेच ना? काय स्टाइल होती!

नाना: तेच. आणि विनय, मैदानातल्या धर्माचे म्हणशील तर मुंबईत संघच धर्मावर होते. हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन. १९३७ पासून पाचवा ‘द रेस्ट’. माझे वडील त्या पंचरंगी सामन्यांबद्दल भरभरून बोलत. गर्दी अफाट. १९४० मध्ये गांधीजींनी विरोध केला, १९४६ नंतर ते बंद झाले. आणि हिंदूंच्या संघात तरी सगळे हिंदू सारखे होते का? बाळू पालवणकरांसारखा गोलंदाज, पण चर्मकार म्हणून कप्तानपद कधी मिळाले नाही. पुढे १९२३ला धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले.

(इथे दहा मिनिटं ग्रुप शांत. आमच्या ग्रुपवर हे सुतकातच होतं.)

विनयकाका: बाळूंचं माहीत नव्हतं.

अभीदादा: इथे १९६५ची गोष्ट अजून सांगतात. मेजर लीगमधल्या डॉजर्स टीमचा सँडी कूफॅक्स, तेव्हाचा सगळ्यात भारी पिचर. मेजर लीगच्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे फायनलची, पहिली मॅच नेमकी योम किप्पुरला आली, ज्यूंचा सगळ्यात मोठा उपासाचा दिवस. तो खेळला नाही. भाषण नाही, फलक नाही. टीम ती मॅच हरली. शेवटची सातवी मॅच त्यानेच जिंकून दिली.

सुमाआत्या: एकादशी पाळली म्हण की.

प्राचीवहिनी: तुमचा इतिहास छान आहे, पण माझा प्रश्न पुढच्या शनिवारचा आहे. अर्णव पहिल्यांदा प्लेटमागे उभा राहणार, लहान मुलांच्या मॅचला. तेरा वर्षांचा आहे तो. २०१९ला कोलोरॅडोत लेकवुडला अंपायर तेरा वर्षांचाच होता. सात वर्षांच्या पोरांची मॅच, आणि त्याच्या निर्णयावरून मोठी माणसं मैदानात उतरून एकमेकांना गुद्दे घालत होती. व्हिडिओ पाहिलाय मी.

नाना: मग त्याला उभा करू नये.

अभीदादा: बाबा, मी पहिल्या बेसवर असणार आहे. आणि मॅच संपली की थांबायचं नाही, सरळ गाडीकडे चालू लागायचं, हे आम्हाला पहिल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवतात. आज तर एका टीमने नंतर गोल करून प्रार्थना केली आणि मला प्रेमाने हाक मारली, ‘ये ना, ब्लू!’ हात हलवून निघालो. दुसरी टीम अजून डगआउटमध्ये बॅगा भरत होती.

सुमाआत्या: ते तरी वाईट नव्हतं रे. प्रेमाने बोलावलं होतं.

अभीदादा: वाईट नव्हतंच, आत्या. म्हणूनच जास्त अवघड. शिवी देणाऱ्याला टाळणं सोपं असतं.

प्राचीवहिनी: अर्णवला जाळीवाल्या बाबाने विचारलं तर काय सांगायचं, त्याची तालीम चालू आहे घरात. ‘सर, मला अजून मत द्यायचा अधिकार नाही’ असं म्हणणार म्हणे.

विनयकाका: वा! पोरगं हुशार आहे. मॅचची लिंक टाक. आम्ही बघू. किती वाजता?

अभीदादा: इथे सकाळी दहा, तुमच्याकडे संध्याकाळी साडेसात. लिंक नसते हो, प्राची फोनवरून दाखवेल.

सुमाआत्या: मला एक समजावून सांग, म्हणजे बघताना कळेल. मागे तो इनफिल्ड फ्लाय का काय म्हणाला होतास.

अभीदादा: पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर आहेत, दोनपेक्षा कमी आउट झालेत, आणि बॅटरने चेंडू आत, जवळच उंच उडवला. सोपा झेल. आता फिल्डर लबाडी करू शकतो. झेल मुद्दाम सोडायचा, म्हणजे बेसला चिकटून उभ्या रनरना पळावं लागतं आणि एकाऐवजी दोन आउट मिळतात. ती लबाडी होऊ नये म्हणून चेंडू हवेत असतानाच अंपायर बॅटरला आउट जाहीर करतो. मग झेल घेतला काय, सुटला काय.

सुमाआत्या: म्हणजे पडला तरी आउट?

अभीदादा: पडला तरी आउट. सगळ्यात जास्त आरडाओरडा यावरच होतो.

विनयकाका: होणारच! झेल सुटलाय डोळ्यांदेखत आणि आउट? हे मला अजिबात पटलेलं नाही.

प्राचीवहिनी: काका, पटायची गरज नाही. अर्णवने हात वर केला की आउट.