सिंबल बदलायचेत, पूर्ण सेट घेऊ की एकेक? (ऑर्केस्ट्रा आणि कॅफे बँड दोन्ही वाजवतो)

मिरजेचा_ठेका
नमस्कार मंडळी, सात वर्षं ड्रम वाजवतोय. महिन्याला चार-पाच ऑर्केस्ट्राचे प्रोग्राम असतात, जत्रेत, वर्धापनदिनाला, आणि गणपतीत तर सलग. गेल्या वर्षापासून चौघांचा छोटा बँड पण केलाय, सांगली-कोल्हापूरकडे कॅफेत वाजवतो, ब्लूज, थोडं रॉक, मराठी गाणी आमच्या पद्धतीनं. सिंबल (ड्रमसेटच्या झांजा) अजून सेटबरोबर आलेले पितळीच आहेत, १४ इंची हायहॅट (पायानं मिटायची जोडी), १६ चा क्रॅश (जोरकस फटक्याचा), २० ची राइड (सलग ठेक्याची). आता क्रॅशला कडेला बोटाच्या पेराएवढी चीर पडलीय, मारला की स्टीलचं ताट फरशीवर पडल्यासारखा वाजतो. आणि कॅफेत आमची गायिका म्हणते की तुझा हायहॅट माझ्या माइकमध्ये माझ्या आवाजापेक्षा जास्त येतो, आणि रेकॉर्डिंग ऐकलं तर तिचं खरंय.
३५,००० साठवलेत. दुकानदार म्हणाला रॉक वाजवतोस ना, मग ज्याच्यावर रॉक लिहिलंय तो सेट घे. पण मी निम्मा वेळ लावणी आणि कोळीगीतं वाजवतो, मला काय लागू पडतं तेच कळेना. मिरजेत सतार-तंबोरा गल्लीगल्लीत बनतो, पण चांगला सिंबल कानानं ऐकायचा तर पुणं गाठावं लागतं, त्यामुळे आधी विचारतोय.

तालवेडा_ठाणे
भावा, सिंबलवर काय लिहिलंय ते सोड, आधी तुझा हात कसा पडतो आणि जागा केवढी असते ते बघ. 'रॉक' किंवा 'हेवी' लिहिलेला सिंबल म्हणजे बहुतेक वेळा जाड आणि वजनदार. तो जोरात मारला तरच उघडतो. कॅफेत तू हळू मारणार, मग तो नुसता टणटण करणार, वॉश म्हणजे पसरत जाणारी झणकार येणारच नाही. पातळ क्रॅश हलक्या हातानंही पटकन फुलतो आणि पटकन विझतो, गाण्याच्या अंगावर येत नाही.
आता धातूचं. तुझ्याकडे पितळ आहे, म्हणजे तांबं आणि जस्त. आवाज एकसुरी, वर जायला बघतो आणि तिथंच अडकतो. त्याच्या पुढे कथील घातलेलं कासं. त्यात दोन प्रकार सगळ्यात जास्त दिसतील, बी८ म्हणजे ९२ टक्के तांबं ८ टक्के कथील, हे पत्र्यातून कापून करतात, आवाज लख्ख, सरळ, थोडा टोकदार. आणि बी२० म्हणजे ८० ला २०, हे ओतीव, मग तापवून लाटतात, ठोकतात, आवाजात थर असतात. लोक बी८ ला नावं ठेवतात ते मला पटत नाही. पाइस्टी कंपनीची '२००२' नावाची मालिका १९७१ पासून बी८ मध्येच आहे आणि लेड झेपलिनच्या जॉन बॉनमसारख्या ड्रमरनं ती वाजवलीय. प्रश्न धातूचा कमी, करणाऱ्याच्या हाताचा जास्त. पण स्वस्तातला बी८ आणि मधल्या दरातला बी२० समोर असतील तर मी डोळे मिटून बी२० घेईन.
सेट घेऊ नकोस. ३५,००० मध्ये चार गोष्टी आल्या तर चारही मध्यम येतील. आधी हायहॅट बदल. गाण्यातले अर्ध्याहून जास्त फटके तू त्याच्यावरच मारतोस, आणि तुझ्या गायिकेची तक्रारही त्याचीच आहे. १४ चाच घे, पण मध्यम-पातळ, वरचा साधारण साडेनऊशे ग्रॅम आणि खालचा १,२०० च्या पुढे, म्हणजे पायानं मिटला की 'चिक' नीट येतो. उरलेल्या पैशात १८ चा पातळ क्रॅश. राइड पुढच्या वर्षी.

रेवा_ड्रम्स
तालवेडा बरोबर बोलताहेत, मी फक्त ऐकायचं कसं ते सांगते कारण फसगत तिथंच होते. माझे आजोबा भजनी मंडळात टाळ वाजवायचे. घरात दोन जोड होते, एक पितळी आणि एक काशाचा. पितळी टाळ एकदा वाजला की संपला, काशाचा वाजला की त्याची झणकार अभंगाच्या पुढच्या शब्दापर्यंत रेंगाळायची. मोठेपणी बी२० चा सिंबल पहिल्यांदा वाजवला तेव्हा तोच आवाज ओळखीचा वाटला. टाळाचं कासं आणि हे मिश्रण जवळजवळ एकच आहे, तांबं साधारण चार भाग, कथील एक भाग. त्यामुळे तुम्हाला कान नाही असं समजू नका, आपल्याकडच्या माणसाला हा फरक लहानपणापासून ठाऊक असतो.
दुकानात जाताना तुमच्या रोजच्या स्टिक न्या, तिथल्या नको. नायलॉनच्या टोकाची स्टिक राइडवर लख्ख टिंग देते, लाकडाच्या टोकाची मऊ, आणि घरी आल्यावर हाच फरक बघून माणूस गोंधळतो. तुमचा जुना हायहॅट पण न्या, शेजारी लावा. आधी एकदम हळू वाजवा, कॅफेत वाजवता तितकं. मग मित्राला वाजवायला सांगून स्वतः दहा-पंधरा फूट लांब उभे राहा, कारण ड्रमच्या मागे बसून ऐकू येतं ते लोकांना ऐकू येत नाही. जवळून कर्कश वाटलेला सिंबल लांबून छान बसतो, आणि जवळून गोड वाटलेला कधीकधी गिटारमध्ये बुडून जातो.
राइड घ्याल तेव्हा सलग एक मिनिट आठाचे ठोके मारा. टिंग शेवटपर्यंत वेगळी ऐकू आली पाहिजे, खालचा वॉश वर चढून ती गिळत असेल तर ऑर्केस्ट्रात उपयोग नाही. मग मधल्या बेलवर (फुगवट्यावर) मारा, मग कडेवर. पुण्या-मुंबईत कधी ड्रमर जिनो बँक्स वाजवत असेल तर पुढे बसून नुसता त्याचा राइडवरचा हात बघा.

मिरजेचा_ठेका
खूप आभार दोघांचे. टाळाचं वाचून काटा आला, आमच्याकडे पण काशाचे आहेत. एक शंका, मोकळ्या मैदानात पातळ क्रॅश ऐकू येईल का? आणि पातळ घेतला तर पुन्हा चिरणार नाही ना, कारण माझा हात जड आहे.

मडगावचो_बीट
दादा, मी गोव्यात लग्नाच्या बँडमध्ये बावीस वर्षं वाजवतो, सीझनला आठवड्याला पाच-पाच रात्री, त्यामुळे चिरण्याबद्दल बोलायचा मला हक्क आहे असं समजतो. सिंबल चिरतात ते पातळपणामुळे कमी आणि चुकीच्या मारामुळे जास्त. तुमचा क्रॅश आडवा सपाट लावलेला आहे का आणि विंगनट (वरचा हातानं फिरवायचा नट) घट्ट आवळलेला आहे का ते आधी बघा. सिंबल स्टँडवर मोकळा हलला पाहिजे, मारल्यावर डोलला पाहिजे. आवळून ठेवला की मारलेला सगळा जोर कडेत राहतो आणि एक दिवस कड फाटते. थोडा आपल्याकडे कलता ठेवा, आणि स्टिक काटकोनात आत घुसवू नका, बाजूनं पुसल्यासारखी नेऊन बाहेर काढा. हाताला सवय लागायला मला दोन महिने लागले, पण त्यानंतर नऊ वर्षांत एक पण क्रॅश फाटला नाही.
दुसरं, स्टँडच्या दांड्यावर प्लास्टिकची स्लीव्ह आहे का? नसेल तर उद्याच घाला, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. ती नसली की दांड्याचे आटे सिंबलचं भोक खात जातात, ते लांबट होतं आणि तिथून चीर सुरू होते. सिंबलच्या खाली वर फेल्टची चकती हवीच.
तुमच्या फाटलेल्या क्रॅशला चीर जिथं संपते तिथं बारीक भोक पाडून घ्या, चीर पुढे जायची थांबते. आवाज परत येत नाही, पण सरावाला चालेल.
मैदानाचं म्हणाल तर मोकळ्यावर बारीक आवाज वाऱ्यात जातो हे खरं. पण तिथं वर माइक असतात ना. माइक नसतील तिथं मध्यम जाडीचा एक वेगळा क्रॅश सोबत ठेवतो मी, १७ इंची. ढोलकी आणि बँजोबरोबर वाजवायचं असेल तर फार लख्ख घेऊ नका, ढोलकीची चाट (कडेवरचा टणक बोल) पण त्याच उंचीवर असते, दोन्ही एकमेकांना खातात. थोडा गडद आवाज खाली बसतो आणि ढोलकी मोकळी राहते.

तालवेडा_ठाणे
मडगावचे, चाटेचं एकदम पटलं, हे मला कधी सुचलं नव्हतं.
ठेका, अजून एक राहिलं. नवा हायहॅट लावल्यावर खालच्या प्लेटखाली जो छोटा स्क्रू असतो तो थोडा फिरवून प्लेट तिरकी कर. दोन्ही प्लेट अगदी सपाट मिटल्या की मध्ये हवा कोंडते आणि 'चिक' ऐवजी 'फप' येतो, मग लोक म्हणतात माल खराब निघाला. आणि चिंच-मीठ किंवा भांडी घासायची पावडर अजिबात लावू नकोस, वरचा थर आणि छापलेलं नाव दोन्ही जातं. ओलं फडकं, मग कोरडं, बस. पावसाळ्यात प्रोग्रामहून आल्यावर बोटांचे डाग लगेच पूस.

मिरजेचा_ठेका
तीन आठवड्यांनी लिहितोय. रविवारी पुण्याला जाऊन आलो, जुना हायहॅट, स्टिक आणि बँडमधला बेसवाला सोबत. दुकानात पाच जोड वाजवले, तो लांब उभा राहून हातानं खूण करत होता. शेवटी एका ड्रमरकडून वापरलेला बी२० चा १४ इंची जोड मिळाला, कडेवर बोट फिरवून बघितलं, भोक गोल आहे का बघितलं. खाली उतरून भाजीवाल्या मावशींच्या काट्यावर दोन्ही ठेवले, वरचा ९६० आणि खालचा १,२८० ग्रॅम भरला, मावशी म्हणाल्या एवढ्या मोठ्या झांजा कुठल्या देवळाच्या. क्रॅश नवा घेतला, १८ चा पातळ. सहा हजार उरले, ते राइडसाठी बाजूला.
काल कॅफेत वाजवलं. स्लीव्ह घातल्यात, विंगनट सैल, क्रॅश कलता. दुसऱ्या गाण्यानंतर गायिकेनं मागे वळून बघितलं आणि माइक स्टँड माझ्याकडे अर्धा फूट सरकवून घेतला. राइडसाठी दिवाळीनंतर परत येतो इथं.