बोटीच्या शाफ्टचा बुश आठ महिन्यांत दुसऱ्यांदा गेला

धरणकाठ (माजलगाव):
राम राम मंडळी. माझी 24 फुटी फायबरची बोट हाय. मूळची शिडाची, मालवणकडून जुनी घेतलेली. डोलकाठी काढून टाकली, शीड कांद्याच्या ढिगावर झाकायला वापरतो. धरणात जाळी टाकायला एक सिलिंडरचं डिझेल इंजिन पुरतं. शाफ्ट, म्हणजे इंजिनापासून पंख्यापर्यंतचा दांडा, 25 मिमी, स्टेनलेसचा. पंख्याजवळच्या ब्रॅकेटमधला बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) पहिल्यांदा गावातल्या लेथवर पितळेचा करून घेतला, तो एका पावसाळ्यात गेला. मग मुंबईहून रबराचा मागवला (बाहेरून पितळ, आत रबर), आता तोही गेलाय. पंखा हातानं हलवला तर दोन मिमी खेळ दिसायलाय. सध्या पाणी उतरलंय, बोट चिखलावर टेकलीय, म्हणजे हीच वेळ हाय. एकजण म्हणला ग्रीस भर, एकजण म्हणला बॉल बेअरिंग बसव. काय करावं?

बोअरवाला (परभणी):
ग्रीस नको, बॉल बेअरिंग तर अजिबात नको. तो बुश पाण्यावरच चालतो. रबराला आतून लांब खाचा असतात ना, त्यांतून पाणी फिरतं. गाळाचा कण आला की रबर दबतं, कण घरंगळत खाचेत पडतो आणि धुऊन जातो. पितळेत तोच कण रुतून बसतो आणि शाफ्टच खरवडतो. आमच्या सबमर्सिबलमध्येही रबराचे बुश असतात, तेही पाण्यावरच. मुळात हा शोधच पंपाचा म्हणतात. शेरवूड नावाच्या अमेरिकी खाण इंजिनिअरनं गढूळ पाण्याच्या पंपात रबरी नळीचा तुकडा बसवून पाहिला, तो टिकला.
पण तुमच्या पितळेनं शाफ्टला वळ पाडलाय का? नख फिरवून बघा. नख अडकलं तर नवा बुशही तसाच जाणार.

लेथवाला (नांदेड):
रबर कुठं झिजलंय ते सांगा. सगळीकडून सारखं की एकाच अंगाला?

धरणकाठ:
नख अडकत नाही, थोडं घासल्यासारखं हाय. रबर मात्र इंजिनाकडच्या तोंडाशी, खालच्या अंगाला पार पितळेपर्यंत गेलंय. दुसऱ्या टोकाला खाचा अजून दिसायल्यात.

लेथवाला (नांदेड):
मग बुशाचा दोष नाही, शाफ्ट तिरका चाललाय. आधी बुश काढा. ब्रॅकेटवरचे ग्रब स्क्रू (बुश धरून ठेवणारे बिनडोक्याचे छोटे स्क्रू) सोडा, बरेचजण हेच विसरतात आणि वर हातोडा मारतात. तरी नाही निघाला तर शाफ्ट काढून आतून हेक्सा ब्लेडनं लांबीत काप द्या. पितळ कापलं की थांबा, ब्रॅकेटला ब्लेड लागू देऊ नका. नवा बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि लांब बोल्ट-नटानं ओढून बसवा, ठोकू नका. शाफ्ट घालताना साबणाचं पाणी लावा.
मग बोट पाण्यात ढकला आणि दोन दिवस राहू द्या. चिखलावर टेकलेल्या फायबरचा आकार वेगळा असतो, तिथं घेतलेलं माप काही कामाचं नाही. त्यानंतर कपलिंगचे, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या दोन चकत्यांचे, बोल्ट सोडून मधल्या फटीत चारही बाजूंनी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. 4 इंची कपलिंगला 0.1 मिमीच्या वर फरक नको.

धरणकाठ:
मामा, सापडलं. खाली 0.6 मिमी, वर गेज शिरतच नव्हता. इंजिनाचे मागचे दोन्ही रबरी पाय डिझेल गळून गळून फुगले होते आणि खाली बसले होते. मी वर्षभर बुशालाच शिव्या दिल्या. पाय बदलले, आता 0.1 च्या आतच हाय. बुश फ्रीजरात ठेवला तर घरची म्हणली, आता काय लोखंड शिजवायचं का.
परवा तीन तास चालवली. माझ्या पायाला जी थरथर लागायची ती गेली. ग्लँडमधून (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथला पाणी अडवणारा भाग) मिनिटाला दोन-तीन थेंब पडायलेत, तेवढे चालतील ना?

लेथवाला (नांदेड):
पडू द्या. पूर्ण आवळलं तर ग्लँडमधलं पॅकिंग जळेल.

धरणकाठ:
बरं. उद्या जाळी घेऊन जातो. शीड मात्र कांद्यावरच राहू दे, आभाळ आलंय.