बिल होत असताना फोनवर बोलणं: उद्धटपणा, की ज्याचा त्याचा प्रश्न?

रांगेतला सातवा
काल माझ्या पुढच्या बाई अख्खं बिल होईस्तोवर फोनवर. कॅशियरने दोनदा विचारलं, "पिशवी हवी का?" त्यांनी नुसता हात हलवला. त्याने पिशवी लावली. पैसे द्यायच्या वेळी बाई कडाडल्या, "नको म्हटलं होतं ना!" मग बिल दुरुस्त करायला सुपरवायझर येईपर्यंत आम्ही सगळे ताटकळलो. काउंटरवर पोचलात की फोन खिशात, एवढं साधं कळू नये?

घाईत_आहे
असहमत. मला सामान घेऊन निघायचंय, ओळख वाढवायची नाही. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ साली पगारासाठी हसरं राहण्याला 'भावनिक श्रम' म्हटलं. त्यांनी हवाईसुंदरींचा अभ्यास केला होता. कॅशियरचंही तेच. मी बोललो नाही तर त्याचं एक खोटं हसू वाचतं! आणि तो शेजारच्या काउंटरशी गप्पा मारत, वर न बघता मला आकडा सांगतो, त्यावर धागे का निघत नाहीत?

काउंटरपल्याडची
चार वर्षं हे काम केलंय. गप्पा आम्हालाही नकोच असतात, घाईत यांचं तेवढं बरोबर. पण प्रश्नाला उत्तर देणं म्हणजे गप्पा नव्हेत. आमच्याकडे मिनिटाला किती वस्तू स्कॅन केल्या ते मोजायचे. सगळं स्कॅन झाल्यावर तुम्ही पाकीट शोधायला लागता, रांग लांबते आणि मागचे डोळे वटारतात ते आमच्यावर. नको असलेली वस्तू आधीच बाजूला काढा. बिलात चढली की सुपरवायझरला हाक मारावी लागते. जड सामान पट्ट्यावर पुढे ठेवा, म्हणजे पिशवीत तळाशी जातं. आणि बारकोड लागला नाही की "मग हे फुकट का?" हा विनोद, कृपा करून, नको. दिवसातून पाच वेळा हसून दाखवलंय. भावनिक श्रम म्हणतात तो हाच!

शेजारच्या काउंटरशी गप्पा मात्र मीही मारल्यात. चूकच ती.

रांगेतला सातवा
म्हणजे फोन बंदच हवा ना?

काउंटरपल्याडची
तातडीचा असेल तर बोला की. फक्त "एक मिनिट" म्हणून मान वर करा.

घाईत_आहे
ठीक. पाकीट आधी काढून ठेवीन. फोन मात्र चालूच राहणार, हेडफोन लावून.

काउंटरपल्याडची
अहो, हेडफोनवाले तर सगळ्यात वाईट! "हो, दे" कोणाला म्हणताय तेच कळत नाही.