भाचा म्हणतो पृथ्वी सपाट आहे, गच्चीवर स्वतः मोजून बघता येईल असा प्रयोग हवाय (परदेशातल्या मंडळींची मदत लागेल)

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय, कारण थोडक्यात विचारलं तर "नासाचे फोटो दाखवा" असंच उत्तर येणार आणि इथे त्याचा काही उपयोग नाही.

भाचा नववीत आहे, कोल्हापूरला आम्ही सगळे एकत्रच राहतो. सुट्टीत रील्स बघता बघता सपाट पृथ्वीवाल्या चॅनेलवर पोचला आणि तेव्हापासून घरात रोज वाद. भाऊ चिडतो, मग पोरगं अजूनच हट्टाला पेटतं. मला मात्र त्याचं विचारणं आवडतं. "पुस्तकात आहे म्हणून का मानायचं, आत्या तू स्वतः बघितलंयस का" हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याला गप्प बसवलं तर पुढे तो काहीच विचारणार नाही ही मला खरी भीती आहे. फोटो दाखवला की सीजीआय (कॉम्प्युटरवर बनवलेलं चित्र), अंतराळवीर म्हटलं की अ‍ॅक्टर. म्हणून ठरवलं, जे काय ते त्याच्याच हाताने.

७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास चंद्रग्रहण आम्ही जागून बघितलं होतं, त्याची आठवण करून दिली, चंद्रावर सरकणारी सावलीची कड गोल होती ना? तर म्हणाला ताटलीची सावली पण गोलच पडते. मग शून्य सावली दिवस काढला, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सरळ काठीची सावली नाहीशी होते तो दिवस. आमच्याकडे तो मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, पुण्यात १३-१४ मे, नागपूरला २६ मेच्या आसपास. गच्चीवर ओळंबा लावून काठी सरळ उभी केली, खडूने दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करत बसलो. घड्याळातल्या बाराला काही होत नाही, आपल्याकडे सूर्य साडेबाराच्या आसपास डोक्यावर येतो. सावली काठीच्या बुडात गेली तेव्हा पोरगा खूष, आणि नागपूरच्या मावशीने फोनवर सांगितलं की तिच्याकडे सावली अजून पडतेय.

मग मी एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाची गोष्ट सांगितली, सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमधे आस्वानला सावली नाही आणि अलेक्झांड्रियाला सात अंशांची, म्हणजे वर्तुळाचा साधारण पन्नासावा भाग, त्यावरून त्याने पृथ्वीचा घेर काढला. यावर भाच्याने काय म्हणावं? "आत्या, जमीन सपाट आणि सूर्य जवळ असला तरी दोन गावांत सावल्या वेगळ्याच पडतील की." कागदावर त्रिकोण काढून बघितला आणि खरंच, दोनच गावं घेतली तर सपाट पृथ्वीतही गणित बसतं, सूर्य फक्त सहा-साडेसहा हजार किमी उंचीवर येतो. एराटोस्थेनिसने सूर्य खूप लांब आहे, किरण समांतर येतात हे आधीच धरलं होतं, आणि हा पोरगा नेमकं तेच मानायला तयार नाही.

आता मला असं वाटतंय की तिसरं, बरंच उत्तरेकडचं गाव घेतलं तर दोन्हीपैकी एकच चित्र टिकेल. म्हणून विचारतेय: १) हे लॉजिक बरोबर आहे का? २) सप्टेंबरच्या २२-२३ ला, दिवसरात्र समान असतात तेव्हा, श्रीनगर, लंडन, ऑस्लो अशा ठिकाणचं कोणी १ मीटर काठीची दुपारची सगळ्यात लहान सावली मोजून कळवेल का? ३) आणखी काही असं सुचतंय का ज्यात कुणावर विश्वास ठेवावा लागत नाही? कृपया त्याची टिंगल नको, तो हा धागा वाचणार आहे.

प्रतिसाद :
लॉजिक एकदम बरोबर. त्या दिवशी सूर्य विषुववृत्तावर असतो, १ मीटर काठीची सावली कोल्हापूरला साधारण ३० सेमी, श्रीनगरला ६८, आमच्या लंडनला १२६ यायला हवी. विषुववृत्तापासून अंतरं अंदाजे १८५०, ३७९० आणि ५७२० किमी. सपाट जमीन धरून यावरून सूर्याची उंची काढा (अंतर भागिले मीटरमधली सावली), कोल्हापूर म्हणेल ६२०० किमी, श्रीनगर ५६००, लंडन ४५५०. एकच सूर्य, एकच दिवस, तीन उंच्या! आणि "अंतरं खोटी" असं म्हणता येणार नाही, सपाट पृथ्वीवाल्यांच्या उत्तर ध्रुव मधोमध असलेल्या नकाशातही उत्तर-दक्षिण अंतरं हीच असतात. सावली मी मोजून देतो, ढग नसले म्हणजे झालं.

प्रतिसाद :
ताटलीचा मुद्दा चांगला आहे पण त्याला टॉर्च घेऊन करून बघायला सांगा, ताटली तिरकी धरली की सावली लांबट होते आणि तिची कड टॉर्चकडे केली की नुसती रेघ. ग्रहण चंद्र उगवताना लागो की मध्यरात्री, कड गोलाचीच येते, असं फक्त चेंडूचं होतं. दुसरं म्हणजे पुठ्ठ्याला सुईने भोक पाडून २ मीटरवर पांढऱ्या कागदावर सूर्याची प्रतिमा पाडा, पावणेदोन-दोन सेमीची येईल. दुपारी मोजा, मावळायच्या जरा आधी परत मोजा. सूर्य ५-६ हजार किमीवर फिरत असता तर संध्याकाळी तो लांब जाऊन निम्म्याहून लहान झाला असता. भोकातून सूर्याकडे मात्र अजिबात बघू देऊ नका, पाठ सूर्याकडेच हवी.

प्रतिसाद :
कोल्हापूरचे आहात तर अंबाबाईचा किरणोत्सव आहेच की. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं पश्चिमेकडून थेट गाभाऱ्यात येतात, तेव्हा सूर्य पश्चिमेच्या थोडा दक्षिणेला असतो. वर म्हटलेल्या, उत्तर ध्रुव मधोमध असलेल्या सपाट नकाशावर पेन्सिलने कोल्हापूर मांडा, त्या दिवसांतला सूर्याचा फेरा काढा आणि संध्याकाळी सूर्य कुठल्या दिशेला येतो ते बघा, वायव्येला येईल, आणि तोही क्षितिजाच्या बराच वर. तिकडून किरणं देवळात शिरणारच नाहीत.

धागाकर्ती :
खूप आभार! किरणोत्सव तर त्याने लहानपणापासून बघितलाय, आत्ता वहीत नकाशा काढत बसलाय. भोकाचा प्रयोग उद्या ऊन असेल तर करतो. लंडनकर, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, काठी ओळंब्याने सरळ लावा आणि टोकाची सावली धूसर असते तर तिच्या मधोमध खूण करा. श्रीनगरच्या आसपास फौजेत वगैरे कोणाचं कोणी असेल तर प्लीज कळवा, ती जागा अजून रिकामी आहे.