छोट्या सोनेखाणींतला पारा: बंदी नक्की कशावर हवी?

नदीकाठी:
पाऱ्याचा विषय निघाला की छोट्या सोनेखाणी सरसकट बंद करा, अशी मागणी हमखास होते. मला ती पटत नाही. बंदी पाऱ्याच्या व्यापारावर आणि तो वापरण्याच्या घातक रीतींवर हवी, खोदणाऱ्या माणसावर नको.

तिथे घडतं ते असं. दगड फोडून, दळून पीठ करतात. त्यात पारा घातला की सोन्याचे बारीक कण त्याला धरून बसतात. जास्तीचा पारा फडक्यातून पिळून काढतात आणि उरलेला गोळा उघड्यावर तापवतात. ३५७ अंशांना पाऱ्याची वाफ होते, सोनं मागे उरतं. ती वाफ तापवणाऱ्याच्या छातीत जाते. कित्येकदा हे काम घरातल्याच चुलीवर चालतं, म्हणजे लेकराबाळांच्याही छातीत.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०१८च्या अहवालानुसार माणसाच्या उद्योगांमुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्यापैकी सुमारे ३८ टक्के पारा या खाणींतला असतो. कोळसा जाळण्याचा वाटाही त्याहून कमी आहे. पण दीड कोटीच्या आसपास माणसं याच कामावर पोट भरतात. पेरूने फेब्रुवारी २०१९मध्ये ला पाम्पा भागात सैनिक आणि पोलीस घुसवले. तिथलं खोदकाम घटलं, पण आसपासच्या दुसऱ्या भागांत वाढलं. हाकललेला माणूस पारा सोडत नाही, फक्त जागा बदलतो.

कसोटी:
तुमच्या मांडणीत खाणीच्या खाली, प्रवाहाच्या वाटेवर राहणारा माणूस कुठेच नाही. वाफ खाणाऱ्याला निदान सोनं तरी मिळतं. नदीच्या गाळात गेलेल्या पाऱ्याचं जिवाणू मिथाइलमर्क्युरी हे जास्त विषारी संयुग करतात, ते बारीक माशातून मोठ्या माशात साठत जातं आणि शेवटी गर्भातल्या बाळाच्या मेंदूपर्यंत पोहोचतं. जपानमधल्या मिनामाताचा, पाऱ्याच्या विषबाधेचा आजार १९५६मध्ये नोंदला गेला. तिथे पारा कारखान्याचा होता, पण विष हेच आणि वाटही माशांचीच. तुम्ही ज्या ला पाम्पाचं उदाहरण दिलंत, त्याच माद्रे दे दिओस प्रांतात २०१६मध्ये पाऱ्यामुळे आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली होती. तिथल्या मासे खाणाऱ्यांनी काय करायचं? खाणवाल्यांना पर्यायी रोजगार मिळेपर्यंत वाट पाहायची?

पोटाचा प्रश्न खरा आहे, हे मलाही मान्य आहे. पण एकाचं पोट भरण्यासाठी दुसऱ्याच्या मुलाचा मेंदू पणाला लावता येत नाही.

तळगाळ:
व्यापारबंदीवर फार भिस्त ठेवू नका. युरोपीय संघाने २०११पासून आणि अमेरिकेने २०१३पासून पाऱ्याची निर्यात थांबवली. त्यानंतर इंडोनेशियात लोक हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं खनिज, खणून स्वतःच पारा गाळायला लागले. मागणी आहे तोवर पारा कुठून तरी येणारच.

त्यापेक्षा सोनं विरघळवून काढणारं सायनाइड बरं. पाऱ्याने दगडातलं निम्मंही सोनं हाती लागत नाही, सायनाइडने ९० टक्क्यांपर्यंत निघू शकतं. शिवाय सायनाइड उन्हात, हवेत विघटन पावतं. पारा मूलद्रव्य आहे, तो कधीच नाहीसा होत नाही.

धातुवेध:
तळगाळ, रसायनशास्त्र बरोबर आहे, पण प्रत्यक्षात काय होतं ते बघा. आधी पारा लावून काढता येईल तेवढं सोनं काढतात आणि उरलेला पाराभरला गाळ सायनाइडच्या हौदात टाकतात. मग सायनाइड पाऱ्यालाच विरघळवतं आणि तो पाण्याबरोबर दूरवर जायला मोकळा होतो. पाऱ्याविरोधातल्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराने मोडून काढायला सांगितलेल्या रीतींत हीसुद्धा आहे, उघड्यावर आणि वस्तीत गोळा जाळण्याइतकीच. आणि सायनाइडला कसलेले हात लागतात. ३० जानेवारी २००० रोजी रोमानियात बाया मारे इथे मोठ्या कंपनीचा बांध फुटला आणि सुमारे एक लाख घनमीटर विषारी पाणी टिसा नदीत गेलं. कंपनीला जे सांभाळता आलं नाही, ते परसातल्या खड्ड्यात कसं सांभाळणार?

फिलिपिन्समधल्या बेंगेट प्रांतात छोटे खाणवाले कित्येक दशकं पाऱ्याशिवाय सोनं काढतात. दळलेली पूड पाण्याच्या धारेवर धुऊन जड भाग वेगळा करायचा, त्यात टाकणखार (बोरॅक्स) घालून मुशीत वितळवायचं. टाकणखारामुळे इतर खनिजं लवकर पातळ होतात, सोनं तळाशी बसतं. चक्कीत पारा घातला की त्याचे बारीक थेंब होऊन सोन्यासकट गाळात वाहून जातात, ते नुकसानही टळतं. अर्थात प्रत्येक दगडाला ही रीत लागू पडत नाही. सोनं फार बारीक असेल किंवा गंधकाच्या खनिजांत अडकलं असेल तर हात रिकामे राहतात. हे आधी न सांगता शिकवायला गेलं, तर लोक आठवड्याभरात पाऱ्याकडे परततात.

कसोटी:
धातुवेध, ही रीत मला पटली. तरी नायजेरियातलं झाम्फारा विसरू नका. २०१०मध्ये तिथे ४००हून जास्त मुलं गेली, ती पाऱ्याने नव्हे, शिशाने. सोन्याच्या दगडातच शिसं होतं आणि तो दगड घराच्या अंगणात दळला जात होता. टाकणखाराच्या रीतीलाही दळणं लागतंच. म्हणून माझी मागणी एवढीच: वस्तीत दळणं आणि तापवणं मात्र आजच्या आज बंद, त्यात सवलत नको.

नदीकाठी:
वस्तीबाबत तुमचं म्हणणं मान्य. मासे खाणाऱ्यांचा विचार मी केला नव्हता, तोही मान्य करतो.

पण एकाला आपण सगळेच सोडून देतोय. खाणीवरून आलेल्या सोन्यात थोडा पारा उरतोच. गावातला खरेदीदार ते पुन्हा वितळवतो, तेव्हा तो पारा भर बाजारात हवेत जातो. कित्येक ठिकाणी पारा उधार देणारा आणि सोनं विकत घेणारा माणूस एकच असतो. उधारीपायी खाणवाला त्यालाच बांधलेला राहतो. तपासणी करायची तर त्याच्या भट्टीपासून सुरू करा. खाणी जंगलात विखुरलेल्या आहेत, दुकान मात्र रस्त्यावरच आहे.